नाव बोरकरांचं होतं

तीस वर्षं मी जबलपुरात सर्व्हर सांभाळले. एवढ्या वर्षांत माझं काम शेजारणींना नीट समजावून सांगणं आईला काही जमलं नाही. "छाया कॉम्प्युटर सुधारते," एवढंच ती म्हणायची. त्यामुळे गल्लीतले लोक बंद पडलेले प्रिंटर, मोबाईलचे चार्जर, एकदा तर मिक्सरही घेऊन दारात उभे राहिले. ऑफिसांमध्येही फार वेगळं नव्हतं. मी सर्व्हरच्या खोलीकडे निघाले की चौकीदार सांगायचा, "दीदी, झाडू अंदरही रखा है." मी मान हलवायची आणि आत जायची.

आता काम सोडलं आहे, तेव्हा आईला जमलं नाही ते मीच सांगून बघते. सर्व्हर म्हणजे ऑफिसातली ती एक मशीन, जिच्यात सगळी माहिती साठवलेली असते. बाकीचे कॉम्प्युटर तिलाच विचारून कामं करतात. तिला चालवणारी मूळ प्रणाली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. तिच्यावर प्रोग्रॅम लिहायची भाषा बसवलेली असते, आणि त्या भाषेत कुणीतरी आधीच बांधून ठेवलेली एक तयार चौकट असते. तिला फ्रेमवर्क म्हणतात. लॉगिन कसं करायचं, पान कसं दाखवायचं, कागद कसा छापायचा, हे प्रोग्रॅमर त्या चौकटीतून आयतं घेतो आणि तिच्यावर आपलं काम रचतो. काही वर्षांनी ऑपरेटिंग सिस्टिम जुनी होते, बनवणारे तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या देणं थांबवतात, आणि ती बदलावी लागते. ती बदलली की भाषेचीही नवी आवृत्ती येते. मग जुनी चौकट बहुतेक वेळा मोडते. ती पुन्हा उभी करून द्यायची, हे माझं काम होतं.

या कामात माणूस संशयी होतो. पान उघडलंच नाही तर मला कधी काळजी वाटली नाही. काय मोडलं ते मशीन स्वतः सांगते, आपण ते नीट करतो. पान उघडलं, सगळं छान दिसलं, की मात्र मी पहिल्यापासून पुन्हा तपासायला बसायची. आत काहीतरी गप्प बसून चुकत असणार, असं वाटत राहायचं. घरीही ती सवय सुटायची नाही. नवरा भाजी आणून "सगळं मिळालं" म्हणाला तरी मी पिशवी उलटी करून बघायची.

गिऱ्हाइकांचा संशय वेगळ्या जातीचा असायचा. त्यांना माणूस हवा असायचा. नेपियर टाउनमधल्या एका कोचिंग क्लासमध्ये अपग्रेडनंतर हिंदीत लिहिलेली सगळ्या विद्यार्थ्यांची नावं प्रश्नचिन्हं होऊन बसली. तिथल्या सरांनी मला खुर्ची द्यायच्या आधी खिडकीतून समोरच्या इमारतीकडे बोट दाखवलं. तिथं दुसरा कोचिंग क्लास होता. "उन्हीं का काम है," ते म्हणाले. मी अक्षरांची एक सेटिंग बदलली आणि अर्ध्या तासात नावं परत आली. सरांचा संशय काही गेला नाही. "दीदी, आपने ठीक किया, मतलब किसीने बिगाडा तो था ना?" घरी येऊन मी ही गोष्ट सांगितली आणि आम्ही पोट धरून हसलो.

पुढे जे झालं ते मात्र हसण्यासारखं नाही.

नेपियर टाउनमध्येच डॉक्टर नाफडे मॅडमची पॅथॉलॉजी लॅब होती. रक्त-लघवीच्या तपासण्या. मॅडमचं घराणं भोसल्यांच्या काळापासून इकडे आलेलं, घरात मराठी जपलेली. साठीच्या पुढच्या, पांढरी सुती साडी, आणि प्रत्येक रिपोर्टवर स्वतःची सही. सहीशिवाय कागद लॅबबाहेर जायचा नाही. त्यांच्याकडचं रिपोर्टांचं सॉफ्टवेअर पुष्कळ वर्षांपूर्वी हेमंत बोरकर नावाच्या माणसानं लिहिलं होतं. बोरकर मूळचे भंडाऱ्याचे. वडील इथल्या कारखान्यात नोकरीला आले, तसे माझेही. आम्ही एकाच विहारात जाणारे. जयंतीच्या कार्यक्रमात भेटायचो, बोलणं जेमतेम. मला ते "ताई" म्हणायचे.

मी लॅबचं काम घेतलं त्याच्या आदल्या वर्षी बोरकर तिथून सोडून गेले होते. आईच्या आजारपणात रजा मागितली, मॅडमनी ती दिली नाही, शब्दाला शब्द लागला. "मी नसलो की कळेल तुम्हाला," असं म्हणून ते निघून गेले. हे वाक्य मला मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं. नंतरही दोन-तीनदा सांगितलं.

लॅबमध्ये हार्मोन तपासायची जुनी मशीन बदलून नवी आली आणि जुन्या सर्व्हरशी तिचं जमेना. अपग्रेड करणं भाग होतं. एका रविवारी दुपारी मी ते केलं. जुन्या मशीनवर जी जी खाती होती, म्हणजे कोण कोण लॉगिन करू शकतो त्यांची यादी, ती मी जशीच्या तशी नव्यावर आणली. यादी वाचली नाही. ती आधी वाचली असती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

सोमवारी सकाळी सगळ्या पडद्यांवर कोरं पांढरं पान होतं. मला त्याचं नवल नव्हतं. बोरकरांनी वापरलेली चौकट जुनी होती, आणि ती ज्या सोयींवर उभी होती त्या नव्या भाषेतून काढून टाकलेल्या होत्या. तीन दिवस मी एकेक फाइल उघडून बदलत होते. काउंटरवर रिपोर्ट हातानं लिहिणं चाललं होतं. नाफडे मॅडम दर तासाला खोलीच्या दारात येऊन उभ्या राहायच्या.

"त्यानं जाताना काही करून तर ठेवलं नसेल ना, छाया?"

"नाही मॅडम. अपग्रेडनंतर असं होतंच."

"तुझ्या ओळखीचा आहे ना तो?"

"ओळख आहे. तेवढीच."

"अच्छा," मॅडम म्हणाल्या, आणि गेल्या.

त्या "अच्छा"चा मला राग आला. खरं सांगायचं तर भीतीही वाटली. 'तुझ्या ओळखीचा' म्हणजे 'तुमच्यातला', हे मला न सांगता कळलं होतं. आपल्या माणसाला पाठीशी घालते, असं कुणी म्हणू नये, याची मला फार वर्षांपासून धास्ती होती. त्या धास्तीनं पुढे माझ्याकडून काय करवून घेतलं, ते आता सांगते.

चौथ्या दिवशी सॉफ्टवेअर सुरू झालं. मी दहा जुने रिपोर्ट काढून नव्याशी ताडून पाहिले. आकडे जुळले, छपाई जुळली. मॅडमनी पेढे मागवले. मी पेढा खाल्ला आणि घरी गेले. सगळं छान दिसत होतं, आणि त्या वेळी मी पहिल्यापासून पुन्हा तपासायला बसले नाही. त्या तीन दिवसांच्या कामानं मी थकले होते, एवढंच कारण.

दोन आठवड्यांनी मी प्रिंटरच्या एका कामासाठी लॅबमध्ये गेले होते. काउंटरपाशी एक मध्यम वयाचा माणूस हातात रिपोर्ट घेऊन उभा होता. त्याचं नाव हरप्रसाद, जवळच्या पनागर गावचा. दोघं नवरा-बायको भाजी पिकवायचे. तो ओरडत नव्हता. काउंटरवर कागद पसरून फक्त एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारत होता.

"ये किसने लिखा है? नाम बता दो."

मॅडम बाहेर आल्या. मीही मागे जाऊन उभी राहिले. त्याची बायको कलाबाई थायरॉइडच्या गोळ्या घ्यायची. हात थरथरतात, छाती धडधडते, म्हणून पनागरच्या डॉक्टरांनी तिला तपासणीला पाठवलं होतं. आमच्या रिपोर्टात थायरॉइडच्या ओळीत ठळक अक्षरात 'एच' छापला होता. म्हणजे आकडा जास्त. या तपासणीत आकडा जास्त आला तर गोळी वाढवतात आणि कमी आला तर घटवतात. तिथल्या डॉक्टरांनी 'एच' पाहिला आणि गोळी वाढवली. आठ-दहा दिवसांनी कलाबाई धण्याच्या वाफ्यात चक्कर येऊन पडली. जबलपुरात मोठ्या दवाखान्यात आणली तेव्हा तिचं हृदय वाकडंतिकडं धावत होतं. तिथल्या डॉक्टरांनी हा रिपोर्ट बघितला आणि हरप्रसादला म्हणाले, अरे, हा आकडा तर अगदी कमी आहे, बाजूला उलटं का छापलंय?

मॅडमनी कागद हातात घेतला. आकडा होता शून्य पूर्णांक शून्य एकपेक्षाही कमी. मशीनला त्याच्याखाली मोजता येत नाही, म्हणून ती पुढे 'पेक्षा कमी'ची खूण लावून पाठवते. त्या खुणेसकट आकडा छापलेला, आणि शेजारी 'एच'. खाली मॅडमची सही.

मॅडम खुर्चीत बसल्या. त्यांचा हात कागदावर तसाच राहिला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हे आपोआप होत नाही, छाया. हे कुणीतरी केलंय."

मी आत जाऊन सर्व्हरची नोंदवही उघडली. कोण कधी लॉगिन झालं ते मशीन स्वतः लिहून ठेवते. मी त्यात एकच नाव शोधलं. आणि ते सापडलं. बोरकरांच्या खात्यातून रोज लॉगिन होत होतं. अपग्रेडच्या आधी आणि नंतर, रोज. लॅब सोडून वर्ष उलटलेला माणूस रोज सर्व्हरवर येत होता.

मला वाटलं, सापडला. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला सुटल्यासारखंही वाटलं. चूक अपग्रेडची नव्हती, म्हणजे माझी नव्हती. आणि मॅडमना दाखवता आलं असतं की मी कुणाला पाठीशी घालत नाही.

मी बाहेर येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, बोरकरांचं खातं अजून रोज चालू आहे. ते रोज येतात."

काउंटरवरच्या दोघी, रक्त काढणारा मनोज, हरप्रसाद, सगळ्यांनी ते ऐकलं. हरप्रसादनं खिशातून पेन काढून तळहातावर नाव लिहून घेतलं.

मॅडमनी त्याच दुपारी दोन फोन केले. एक बोरकरांना, ताबडतोब या म्हणून. दुसरा शहरातल्या एका लॅबला. बोरकर आता त्यांचं सॉफ्टवेअर बनवत होते. दुसऱ्या फोनचं मला तेव्हा माहीत नव्हतं.

बोरकर स्कूटरनं आले. हेल्मेट हातातच होतं. मॅडमच्या खोलीत मॅडम, मी आणि ते, तिघंच. त्यांना बसा कुणी म्हटलं नाही.

"काहून बोलावलं?" त्यांनी मला विचारलं, मॅडमना नाही.

मॅडमनी रिपोर्ट पुढे सरकवला. "ही बाई दवाखान्यात आहे. हे तुझ्या प्रोग्रॅमनं छापलंय. आणि तू रोज आमच्या सर्व्हरवर येतोस."

"मी?"

मी नोंदींचा छापलेला कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उभ्यानंच वाचला. वाचता वाचता त्यांचा चेहरा रागावला नाही. थकल्यासारखा झाला.

"ताई, या कागदावर वेळ दिसून राहिली का तुम्हाला?"

"रोजची आहे."

"रोज पाऊण वाजता. एक मिनिट इकडं नाही की तिकडं नाही. रविवारीबी पाऊण. दिवाळीच्या दिवशीबी पाऊण. मी घरचं जेवण सोडून घड्याळ पाहून इथं येऊन राहिलो का?"

मी त्यांच्या हातातल्या कागदावरच्या वेळा पुन्हा पाहिल्या.

"तुम्ही फक्त नाव छापलं. कुठल्या मशीनवरून आलं तो पत्ता कुठं आहे?"

मी परत सर्व्हरच्या खोलीत गेले. नोंद पूर्ण उघडली. नावाच्या पुढच्याच रकान्यात पत्ता होता. लॅबच्या आतला. हार्मोन विभागातल्या कॉम्प्युटरचा. सकाळचे नमुने झाले की तो कॉम्प्युटर पाऊण वाजता सगळे निकाल सर्व्हरला पाठवायचा, बोरकरांच्या खात्यातून. या नोंदी मी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हाही तो रकाना माझ्या डोळ्यांसमोरच होता. मला हवं ते नाव मिळालं आणि मी पुढं वाचलं नाही. दुसऱ्या कुणाच्या नोंदी असत्या तर मी चार वेळा तपासल्या असत्या.

परत आले तेव्हा बोरकर मॅडमना सांगत होते, "मशीनसाठी वेगळं खातं पाहिजे म्हणून मी दोनदा म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, सध्या तुझ्याच नावानं चालू दे. म्हणून ते माझ्या नावानं चाललं. मी गेलो तरी माझं नाव इथंच काम करून राहिलं."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. "यांचं खरं आहे. लॉगिन आपल्याच मशीनचं आहे."

"मग हा 'एच' कुणी छापला?"

बोरकरांनी रिपोर्ट पुन्हा हातात घेतला. 'एच'च्या ओळीवर बोट ठेवलं. मग मला विचारलं, "भाषेची आवृत्ती नवी टाकली ना?"

"हो."

"चौकटीतल्या तुलना तपासल्या असतील. माह्या फाइलीतल्या तपासल्या का?"

मला तेव्हाच कळलं.

वाचकांना हे थोडक्यात सांगते. 'पेक्षा कमी'ची खूण लागली की तो आकडा भाषेच्या लेखी आकडा राहत नाही, अक्षरांची ओळ होते. जुनी आवृत्ती अशा ओळीला शून्य समजायची आणि पुढे जायची. शून्य कमी, म्हणून 'एल' छापायची. उत्तर बरोबर यायचं, जरा नशिबानंच. नव्या आवृत्तीनं ती ढिलाई बंद केली. ती अशा ओळीची तुलना शब्दकोशासारखी करते, एकेक अक्षर घेऊन. आणि तिच्या क्रमात ती खूण सगळ्या आकड्यांच्या नंतर येते. म्हणून शून्याच्या जवळचा तो आकडा चारपेक्षा, म्हणजे या तपासणीच्या वरच्या मर्यादेपेक्षा, मोठा ठरला आणि 'एच' छापला गेला. कुठंही चूक दाखवली गेली नाही. नव्या आवृत्तीच्या माहितीपत्रकात या बदलाची स्पष्ट ओळ होती. मी ती वाचलेलीही होती. चौकटीपुरती तिची अंमलबजावणी केली, आणि बोरकरांच्या स्वतःच्या फाइली चालतात म्हणून तशाच सोडल्या. मी ताडून पाहिलेल्या दहा रिपोर्टांत असा खुणेचा आकडा एकही नव्हता.

"ती खूण मी तेव्हाच वेगळी काढायला पाहिजे होती," बोरकर म्हणाले. "ते माझं राहिलं. तेवढं माझं." हेल्मेट उचलून ते दारापर्यंत गेले. तिथं वळून मॅडमना म्हणाले, "त्या लॅबवाल्यांचा फोन आला होता मला रस्त्यात. उद्यापासून येऊ नका म्हणाले."

ते गेले. मग मॅडम म्हणाल्या, "तू हे अपग्रेड करायला लावलंस ते खरंच गरजेचं होतं ना, छाया?"

आता संशय माझ्यावर आला होता. मला रागवायचा हक्क नव्हता. "गरजेचं होतं. पण मी नीट तपासलं नाही. चूक माझी आहे, मॅडम. बोरकरांची नाही."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आकडा छापलेला होता," त्या म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांपुढं होता. मी नुसता 'एच' पाहिला आणि सही केली. चाळीस वर्षं मी विद्यार्थ्यांना आकडा वाचा म्हणून शिकवलं."

नाफडे मॅडमबद्दल लोक काहीही म्हणोत, त्यानंतरचे दोन दिवस त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. मी ती तुलना दुरुस्त केली आणि अपग्रेडनंतर छापलेले खुणेचे सगळे रिपोर्ट शोधून काढले. अकरा निघाले. मॅडमनी अकराही घरी स्वतः फोन लावला. "मी डॉक्टर नाफडे बोलतेय. तुमच्या रिपोर्टात आमची चूक झाली आहे," असं प्रत्येकाला सांगितलं. कुणी शिव्या दिल्या, कुणाला कळलंच नाही, एकानं विचारलं की आता खरं कुठलं मानायचं, पहिलं की हे. बाकी कुणाचं औषध बदललेलं नव्हतं. कलाबाईचंच बदललं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. कलाबाईची धडधड उतरली होती, पण चेहरा अजून पांढरा होता. हरप्रसाद पलंगाच्या पायथ्याशी बसला होता. मॅडमनी हात जोडले. त्यानं मॅडमकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे बघून विचारलं, "दीदी, वो बोरकर पकडा गया?"

त्याच्या तळहातावरची शाई धुतली गेली होती, पण नाव त्याला पाठ होतं.

"बोरकर ने कुछ नहीं किया, भैया. मैंने मशीन बदली थी. जाँचना मेरा काम था. मैंने ठीक से नहीं जाँचा."

त्याचा विश्वास बसत नव्हता. एक माणूस हातात मिळाला होता, आणि आता दुसरीच बाई स्वतःचं नाव सांगत होती. "किसको बचा रही हो?" त्यानं विचारलं.

या प्रश्नाला मी आयुष्यभर घाबरत आले होते. तो अखेर माझ्यापुढे आला, आणि नेमका मी खरं बोलत होते तेव्हा.

"किसीको नहीं," मी म्हणाले.

पलंगावरून कलाबाई हळूच म्हणाली, "जाने दो. बैठने तो दो इनको." हरप्रसाद उठला नाही. आम्ही थोडा वेळ उभ्या राहिलो आणि निघालो. कलाबाई पुढे बरी झाली. काही महिन्यांनी ती स्वतः तपासणीला लॅबमध्ये आली तेव्हा रिपोर्ट हातात घेऊन तिनं मॅडमना म्हटलं, "पहले आप पढकर सुनाओ." मॅडमनी प्रत्येक ओळ तिला मोठ्यानं वाचून दाखवली.

बोरकरांकडे जायला मला आणखी चार दिवस लागले. मॅडमनी त्या दुसऱ्या लॅबला फोन करून आपले शब्द मागे घेतले होते, पण तिथले लोक "देखते हैं" एवढंच म्हणाले. एकदा ऐकलेलं माणूस कानातून काढत नाही. अधारताल वस्तीतल्या मुख्य रस्त्यावर बोरकरांचं दुकान होतं. ऑनलाइन फॉर्म भरायचे, झेरॉक्स काढायची, आणि मागच्या बाजूला बसून ते आपलं प्रोग्रॅमचं काम करायचे. मी गेले तेव्हा ते एका म्हाताऱ्याचा पेन्शनचा फॉर्म भरत होते. मी "जय भीम" म्हटलं. त्यांनी नुसती मान हलवली. म्हाताऱ्याचं काम संपेपर्यंत मी बाकावर बसून राहिले.

"बोला."

"माझी चूक झाली. सांगायला आले."

"फोन बाहेर ठेवा," ते म्हणाले.

मला आधी कळलं नाही. मग कळलं. त्यांना वाटत होतं मी बोलणं रेकॉर्ड करते आहे, मॅडमनी पाठवलं म्हणून. मी पर्समधून फोन काढून त्यांच्या टेबलावर उपडा ठेवला.

"त्या दिवशी सर्वांसमोर काहून बोलल्या? मला आधी एक फोन लावला असता. पाच मिनिटांत सांगितलं असतं."

"मॅडमना वाटलं असतं मी तुम्हाला सावध केलं."

"मॅडमला वाटलं असतं," त्यांनी मान हलवत म्हटलं. "आणि मला काय वाटलं असतं ते?"

मॅडमच्या त्या खोलीत एकाच विहारातले ते आणि मी, दोघंच होतो, आणि मीच त्यांना सगळ्यात कमी ओळखलं. हे मी त्यांना म्हटलं नाही. म्हणायला तोंड नव्हतं.

मी घरून चिठ्ठी लिहून आणली होती. ज्यांना दाखवायची त्यांना दाखवता यावी म्हणून. नोंदीतलं खातं मशीनचं होतं, हेमंत बोरकर यांचा त्यात काही हात नव्हता, चुकीचा रिपोर्ट अपग्रेडनंतर मी अपुऱ्या तपासणीवर काम सोडल्यामुळे गेला, आणि मी चुकून त्यांचं नाव घेतलं. खाली माझी सही.

बोरकरांनी ती चष्मा लावून वाचली. दोनदा वाचली. कागद उजेडात धरून मागची बाजूही पाहिली. मग पेन माझ्यापुढे ठेवलं.

"यातला 'चुकून' काढा."

"काहून?"

"चुकून म्हणजे हात घसरला. तुमचा हात नाही घसरला, ताई. तुम्ही माझं नाव शोधायलाच बसल्या होत्या."

बाहेर रस्त्यावरून टेम्पो गेला. दुकानात एक मुलगी आधार कार्डाची झेरॉक्स मागायला येऊन उभी राहिली आणि आमच्याकडे बघत थांबली. मी पेन उचललं. 'चुकून'वर एक रेघ मारली, बाजूला कागदपत्रांत करतात तशी छोटी सही केली, आणि चिठ्ठी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी आधी मुलीच्या कार्डाची झेरॉक्स काढून दिली. मग माझी चिठ्ठी मशीनवर ठेवली, एक प्रत काढली, आणि मूळ कागद आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं.

"ही तुमच्यासाठी," ते म्हणाले, आणि ती अजून गरम असलेली प्रत माझ्या हातात दिली.